जहाज पळवणारा गुलाम ते अमेरिकेच्या संसदेतला प्रतिनिधी : रॉबर्ट स्मॉल्स

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे चळवळीतल्या बहुतेकांना माहीत असतं. ही अर्पणपत्रिका आपण भाषणात सांगतो, जयंतीच्या फलकावर लावतो. पण ती लिहिली जात होती तेव्हा तिकडे मुक्त झालेल्या माणसांचं काय चाललं होतं, हे आपण क्वचितच विचारतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्याच्या सिनेटमध्ये चौतीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय सदस्य बसत होता. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तो कायद्याने एका गोऱ्या माणसाची मालमत्ता होता. पुढे दोनच वर्षांनी तो वॉशिंग्टनच्या संसदेत पोहोचला. त्याचं नाव रॉबर्ट स्मॉल्स.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात मी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. जहाज पळवण्याचा भाग आला की पोरं पुढे सरकून ऐकतात. मतपेट्या आणि मतदारसंघ सुरू झाले की हळूच मोबाईल बाहेर येतात. त्यांना दोष देत नाही, मलाही आधी जहाजच माहीत होतं. पण या माणसाच्या आयुष्यातलं जहाज एका रात्रीत संपतं, आणि नंतरची पन्नास-बावन्न वर्षं तो जे करत होता, ते आपल्या जास्त जवळचं आहे.

रॉबर्टचा जन्म ५ एप्रिल १८३९ चा, दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या ब्यूफर्ट गावचा. प्रिन्स स्ट्रीटवर मॅकी कुटुंबाचं मोठं घर होतं आणि त्याच्या मागच्या बाजूला गुलामांसाठी खोपटं. त्यातल्या एका खोपटात त्याचा जन्म झाला. आई लिडिया पोलाइट मॅकींच्या घरात राबायची. तिथला कायदा सोपा आणि भयंकर होता. मूल आईच्या मागे जायचं, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. जन्मावरून माणसाची जागा ठरवणारी व्यवस्था कशी चालते हे आपल्याला नव्याने शिकवावं लागत नाही.

घरातल्या मालकाचा या पोरावर जीव होता. त्याला शेतावर जुंपलं नाही, खायला बरं मिळायचं, गोऱ्या मुलांत तो खेळायचा. लिडियाला याचीच भीती वाटली. आपण कोण आहोत हेच पोराला कळलं नाही तर एक दिवस तो भलत्या ठिकाणी ताठ उभा राहील आणि जिवाला मुकेल. म्हणून तिने त्याला मुद्दाम गुलामांना फटके मारतात ती जागा दाखवली, शेतावरच्या गुलामांचं जगणं दाखवलं. आईचा अंदाज एका बाबतीत चुकला. पोरगा घाबरण्याऐवजी बिथरला, कर्फ्यूची वेळ न पाळता हिंडू लागला. शेवटी तिनेच मालकाला गळ घालून त्याला चार्ल्सटन शहरात कामाला पाठवायला लावलं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

चार्ल्सटनमध्ये तो हॉटेलात राबला, रस्त्यावरचे दिवे लावले, मग बंदरावर हमाली केली. शिडं शिवायला शिकला, दोर-काठ्या बांधायला शिकला आणि शेवटी जहाजाचं सुकाणू धरायला लागला. मजुरी मालकाच्या खिशात जायची, त्याला त्यातला थोडासा वाटा मिळायचा. त्या बंदरातले उथळ पट्टे, भरती-ओहोटी, वळणं त्याला पाठ झाली. गोऱ्या माणसाने हेच काम केलं असतं तर त्याला पायलट म्हटलं असतं. गुलामाला तो मान नव्हता, त्याला फक्त चाक धरणारा म्हणायचे.

१८५६ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने हॅना जोन्सशी लग्न केलं. तो सतरा वर्षांचा, ती त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, हॉटेलात काम करणारी, तीही गुलाम. मुलगी झाली तेव्हा या जोडप्यासमोर प्रश्न उभा राहिला. हॅनाचा मालक उद्या मुलीला विकू शकत होता. रॉबर्टने बायको आणि मुलगी विकत घेण्याची बोलणी केली. मालकाने किंमत सांगितली ८०० डॉलर. रॉबर्टकडे साठले होते १००. स्वतःच्या लेकराला बाजारभावाने विकत घ्यायला निघालेला बाप, आणि त्यासाठी पुरेसे पैसे कधी जमतील याचा हिशोब. पुढे त्याने जे केलं त्याचं मूळ मला या हिशोबात दिसतं, शौर्यबिर्य नंतरचं.

१८६१ च्या एप्रिलमध्ये चार्ल्सटनच्याच बंदरात, फोर्ट सम्टरवर तोफा डागून अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली होती. उत्तरेच्या नौदलाने बंदराची नाकेबंदी केली. रॉबर्टला ‘प्लँटर’ नावाच्या आगबोटीवर लावण्यात आलं. मूळची ही कापूस वाहणारी बोट, आता दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफा, दारूगोळा आणि माणसं वाहत होती. बोटीवर तीन गोरे अधिकारी आणि बाकी खलाशी गुलाम. बंदराच्या तोंडाशी, काही मैलांवर उत्तरेची जहाजं नजरेला दिसायची. स्वातंत्र्य डोळ्यांना दिसत होतं, मध्ये फक्त किल्ले होते.

१२ मे १८६२ च्या संध्याकाळी बोटीवर चार तोफा चढवल्या गेल्या, सकाळी त्या एका ठाण्यावर पोहोचवायच्या होत्या. तिन्ही गोरे अधिकारी रात्री आपापल्या घरी झोपायला गेले. हे नियमाविरुद्ध होतं, पण गुलाम जहाज चालवून नेतील हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. व्यवस्थेचा माजच तिच्या आड आला. पहाटे तीनच्या सुमारास रॉबर्टने बॉयलर पेटवायला लावला, कप्तानाची रुंद काठाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि बोट धक्क्यावरून सोडली. आधी दुसऱ्या धक्क्याकडे जाऊन, तिथे लपून थांबलेल्या हॅनाला, मुलांना आणि इतर खलाशांच्या घरच्यांना घेतलं. एकूण सोळा जीव. पकडले गेलो तर बोट बुडवायची, जिवंत हाती लागायचं नाही, हे बायकांसकट सगळ्यांचं ठरलं होतं.

वाटेत पाच ठाणी. प्रत्येक ठाण्यापुढे ठरलेल्या पद्धतीने भोंगा वाजवायचा होता आणि रॉबर्टला ते संकेत ठाऊक होते. कप्तान कसा उभा राहतो, हात कसे बांधतो, हे त्याने वर्षभर पाहिलेलं. फोर्ट सम्टरच्या तोफांखालून जाताना साडेचार वाजले होते, उजाडायला आलं होतं. पहारेकऱ्यांना टोपी दिसली, उभं राहण्याची ढब दिसली, माणूस दिसला नाही. तोफांच्या पल्ल्याबाहेर गेल्यावर त्यांनी दक्षिणेचा झेंडा उतरवला आणि हॅनाने सोबत आणलेली पांढरी चादर वर चढवली. उत्तरेचं ‘ऑनवर्ड’ जहाज गोळे डागण्याच्या बेतात होतं, तेवढ्यात कुणाला तरी ती चादर दिसली. रॉबर्ट तेवीस वर्षांचा होता.

त्याने उत्तरेच्या हाती बोट आणि तोफा तर दिल्याच, त्याहून मोलाची माहिती दिली. संकेतांचं पुस्तक, पाण्यात कुठे सुरुंग पेरलेत, कोणतं ठाणं रिकामं केलंय, हे सगळं त्याच्याकडे होतं. संसदेने कायदा करून बोटीच्या किमतीचा अर्धा भाग या खलाशांना बक्षीस द्यायचं ठरवलं. स्मॉल्स यांच्या वाट्याला १,५०० डॉलर आले. बोटीची किंमत मुद्दाम कमी लावली गेली होती, हे नंतर संसदेतच अनेकदा निघालं. गोऱ्या नौसैनिकांनी हेच केलं असतं तर आकडा निराळा असता.

इथून पुढे त्यांना एकेरी संबोधायला मला जड जातं, म्हणून स्मॉल्स यांना आदरार्थीच लिहिते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्मॉल्स हे मॅन्सफील्ड फ्रेंच या धर्मोपदेशकांसोबत वॉशिंग्टनला गेले. मागणी एकच, कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्या. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी पोर्ट रॉयल भागात पाच हजारांपर्यंत कृष्णवर्णीय सैनिक भरती करण्याची लेखी परवानगी दिली आणि स्मॉल्स ती घेऊन परतले. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. बंदूक हाती देणं म्हणजे नागरिक मानणं, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. सैन्यभरतीचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढे १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यामागेही हीच जाणीव होती.

स्वतः स्मॉल्स अनेक लढायांत होते. १८६३ च्या एप्रिलमध्ये ‘किओकक’ या चिलखती जहाजाचं सुकाणू त्यांच्या हाती होतं. फोर्ट सम्टरवरच्या हल्ल्यात त्या जहाजावर नव्वदच्या आसपास गोळे आदळले आणि दुसऱ्या दिवशी ते बुडालं. स्मॉल्स वाचले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्लँटरवर दोन बाजूंनी मारा सुरू झाला. गोरा कप्तान घाबरून कोळशाच्या कोठीत जाऊन लपला. शरण जायचं नाही, कारण गोरे कैदी होतील पण आपल्या लोकांना ठार मारतील, हे स्मॉल्स यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी बोट माऱ्यातून बाहेर काढली. त्यानंतर त्यांनाच प्लँटरचा कप्तान नेमण्यात आलं. ज्या बोटीवर गुलाम म्हणून चाक धरलं, तिचे ते कप्तान झाले.

१८६४ मध्ये बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला नेली. हे उत्तरेतलं शहर, गुलामगिरीविरोधी चळवळीचं ठाणं. तिथल्या घोड्यांच्या ट्राममध्ये स्मॉल्स बसले असता त्यांना गोऱ्यांसाठी जागा सोडायला सांगितलं. ते खाली उतरले आणि चालत गेले. वर्तमानपत्रांत बभ्रा झाला, आंदोलन पेटलं आणि १८६७ साली पेन्सिल्व्हेनिया राज्याने ट्राममधला हा भेदभाव कायद्याने बंद केला. त्याच मुक्कामात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, वाचायला-लिहायला शिकले. गुलामाला अक्षर शिकवणं दक्षिण कॅरोलिनात गुन्हा होता. पंचविशीत, युद्धाच्या धामधुमीत, कप्तान असलेला माणूस मुळाक्षरं गिरवत बसला होता.

युद्ध संपलं. स्मॉल्स ब्यूफर्टला परतले आणि ज्या घरामागच्या खोपटात जन्मले होते ते घरच त्यांच्या मालकीचं झालं. गोरे मालक पळून गेले होते, करथकबाकीत घरं-जमिनींचा लिलाव झाला होता, त्यात स्मॉल्स यांनी ते विकत घेतलं. पूर्वीच्या मालकाने दावा ठोकला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्मॉल्स जिंकले. म्हाताऱ्या झालेल्या, स्मृती गेलेल्या मॅकीबाई एकदा भटकत त्या घरी आल्या आणि स्मॉल्स यांनी त्यांना ठेवून घेतलं, असं स्मॉल्स यांच्या कुटुंबात सांगितलं जातं. ही गोष्ट हल्ली फार रंगवून सांगतात, मालकिणीला क्षमा करणारा थोर गुलाम म्हणून. मला त्यापेक्षा तो कोर्टातला दावा महत्त्वाचा वाटतो. घर घेणं एक, आणि मालक परत आल्यावर ते टिकवणं दुसरं.

१८६७ साली त्यांनी ब्यूफर्टमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी इमारत मिळवायला पुढाकार घेतला. १८६८ मध्ये राज्याची नवी घटना लिहायला सभा बसली. तिच्यात बहुसंख्य सदस्य कृष्णवर्णीय होते, अमेरिकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. चार वर्षांपूर्वी अक्षर शिकलेल्या स्मॉल्स यांनी तिथे मोफत आणि सक्तीच्या सार्वजनिक शिक्षणाचा आग्रह धरला. गोऱ्या-काळ्या सगळ्या मुलांसाठी सरकारी शाळा ही कल्पना दक्षिण कॅरोलिनाला या घटनेने दिली. गोऱ्या गरिबांच्या मुलांनाही त्याआधी अशी शाळा नव्हती, हे नंतर सोयीस्करपणे विसरलं गेलं. त्यानंतर ते राज्याच्या खालच्या सभागृहात आणि मग सिनेटमध्ये निवडून गेले. १८७४ च्या निवडणुकीत ते अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहासाठी जिंकले आणि १८७५ च्या मार्चपासून सदस्य झाले. पुढच्या बारा वर्षांत ते पाच संसदांत बसले, पण सलग नव्हे. मधली वर्षं त्यांची जागा हिसकावली गेली होती.

संसदेत ते पोहोचले तेव्हा वारं फिरलं होतं. गुलामगिरी बंद करणारी, नागरिकत्व देणारी आणि मताधिकार देणारी तीन घटनादुरुस्ती कलमं १८६५ ते १८७० दरम्यान झाली होती. कागदावर सगळं होतं. दक्षिणेतल्या गोऱ्यांनी आता कागद तसाच ठेवून रस्त्यावर बंदोबस्त सुरू केला होता. १८७६ च्या जुलैमध्ये हँबर्ग गावात कृष्णवर्णीय मिलिशियाच्या संचलनावरून वाद झाला आणि गोऱ्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. शरण आलेल्यांतून माणसं निवडून निवडून मारली. कोणालाही शिक्षा झाली नाही. स्मॉल्स यांनी हा प्रकार प्रतिनिधीगृहात मांडला. टेक्सासच्या सीमेवर फौज पाठवण्याच्या विधेयकाला त्यांनी दुरुस्ती सुचवली, की दक्षिण कॅरोलिनातली फौज हलवू नये. ती फेटाळली गेली. सैन्यात भरती करताना वर्णावरून भेद करू नये ही त्यांची दुरुस्तीही त्याच वर्षी पडली. अमेरिकेच्या सैन्यातला हा भेद संपवण्याचा आदेश त्यानंतर बहात्तर वर्षांनी, १९४८ साली निघाला.

त्याच उन्हाळ्यात कोंबाही नदीकाठच्या भातशेतांवर मजुरांनी संप केला. जमीनदार मजुरी पैशात देत नव्हते, कागदी चिठ्ठ्या देत होते. त्या चिठ्ठ्या जमीनदाराच्याच दुकानात चालायच्या आणि दुकानात माल चढ्या भावाने. गोरे बंदुका घेऊन जमले होते, हँबर्गची पुनरावृत्ती व्हायला ठिणगी पुरेशी होती. स्मॉल्स तिथे गेले, संपकऱ्यांशी बोलले, शांतपणे पांगायला राजी केलं आणि दोष चिठ्ठ्यांच्या पद्धतीचा आहे हे राज्यपालांना कळवलं. संसदेचा सदस्य भातखाचरात उभं राहून रक्तपात टाळत होता. त्यांच्या कामाचा हा तुकडा मला सर्वांत आवडतो, आणि तो सर्वांत कमी सांगितला जातो.

१८७६ च्या निवडणुकीत लाल सदरे घातलेल्या गोऱ्या टोळ्यांनी राज्यभर दहशत घातली. स्मॉल्स यांनी स्वतःची जागा राखली, पण राज्याची सत्ता गेली. १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारने दक्षिणेतल्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभी केलेली फौज मागे घेतली. नव्या राज्यकर्त्यांनी पहिलं काम केलं ते जुन्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांवर खटले भरण्याचं. स्मॉल्स यांच्यावर राज्याच्या सिनेटमध्ये असताना छपाईच्या कंत्राटात ५,००० डॉलर लाच घेतल्याचा आरोप ठेवला. मुख्य साक्षीदार होता जोसेफस वुड्रफ, जो स्वतः त्या छपाई घोटाळ्यात बुडालेला होता आणि साक्ष देऊन सुटका करून घेत होता. तीन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. काही दिवस तुरुंगात काढल्यावर जामीन मिळाला. १८७९ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. त्याच वेळी मतदानातल्या गुंडगिरीबद्दल गोऱ्यांवर चालू असलेले केंद्राचे खटलेही गुंडाळले गेले, हा सौदा होता. स्मॉल्स यांना माफी नको होती, वरच्या न्यायालयात निर्दोष ठरायचं होतं. ती संधी मिळाली नाही आणि डाग आयुष्यभर राहिला. त्या काळात त्या राज्यात भ्रष्टाचार नव्हता असं मी म्हणत नाही, भरपूर होता आणि दोन्ही रंगांचा होता. पण खटले कोणावर भरले आणि कोणावर नाही, हे पाहिलं की त्यांचा हेतू लक्षात येतो.

१८७८ च्या प्रचारात गिलिसनव्हिल इथे शेकडो लाल सदरेवाल्यांनी स्मॉल्स यांची सभा घेरली. ते सोबत्यांसह एका दुकानात शिरले, बाहेरून गोळ्या आल्या. बातमी शेता-शेतांतून पसरली आणि आजूबाजूचे कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष हाती येईल ते घेऊन धावत आले, तेव्हा टोळी हटली. निवडणूक मात्र ते हरले, जॉर्ज टिलमन यांच्याकडून. १८८० ला पुन्हा त्यांच्याकडूनच हरवले गेले. या वेळी स्मॉल्स यांनी निकालाविरुद्ध संसदेकडे दाद मागितली. एकेका केंद्रावर काय घडलं याच्या साक्षी गोळा करून, दीड वर्षांहून जास्त झुंजून, जुलै १८८२ मध्ये त्यांनी ती जागा परत मिळवली. जेमतेम काही महिने उरले होते.

आता त्या मतपेट्या. १८८२ साली दक्षिण कॅरोलिनाने नवा निवडणूक कायदा केला, तो आठ पेट्यांचा कायदा म्हणून ओळखला जातो. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी, वर पदाचं नाव लिहिलेलं. चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली तर मत बाद. वाचता येणाऱ्याला अडचण नाही. न येणाऱ्याने नाव वाचून मागावं तर केंद्रावरचा माणूस गोऱ्यांचा, आणि पेट्यांच्या जागा मध्येच बदलल्या जायच्या. कायद्यात वर्णाचा एक शब्द नव्हता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिकू दिलं नाही, त्यांच्यासमोर अक्षरांचंच कुंपण घातलं. जोडीला मतदारसंघ असे कापले, की राज्यात बहुसंख्य असलेले कृष्णवर्णीय मतदार एका लांबुडक्या, वेड्यावाकड्या मतदारसंघात कोंबले जावेत आणि बाकी सगळीकडे गोरे जिंकावेत. त्या एका मतदारसंघातून १८८४ मध्ये स्मॉल्स आधी पोटनिवडणुकीत आणि मग पूर्ण मुदतीसाठी निवडून आले. आपल्या वस्तीतली नावं मतदारयादीतून गळालेली शोधत, एकेका घरी अर्ज भरून घेताना मला हा कायदा नेहमी आठवतो. कुंपण घालणाऱ्याला हातात काठी घ्यावी लागतेच असं नाही.

संसदेतल्या त्यांच्या शेवटच्या मुदतीतली एक गोष्ट सांगते. जनरल डेव्हिड हंटर यांनी १८६२ मध्ये, वरून परवानगी नसताना, आपल्या अखत्यारीतल्या गुलामांना मुक्त जाहीर केलं होतं आणि कृष्णवर्णीयांची पलटण उभारायचा प्रयत्न केला होता. त्यांच्या विधवेला निवृत्तिवेतन मिळावं म्हणून स्मॉल्स यांनी विधेयक आणून मंजूर करून घेतलं. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी ते नाकारलं. स्वतः स्मॉल्स यांना नौदलाच्या कप्तानाएवढं, महिना ३० डॉलर निवृत्तिवेतन मिळायला १८९७ साल उजाडलं, युद्ध संपून बत्तीस वर्षं झाली होती.

१८८६ ची निवडणूक ते हरले. मतं बाद करण्याची यंत्रणा तोवर पक्की बसली होती आणि त्यांची तक्रारही या वेळी फेटाळली गेली. त्यानंतर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी त्यांना ब्यूफर्ट बंदराचे सीमाशुल्क अधिकारी नेमलं. मधला काही काळ सोडला तर ते या पदावर १९१३ पर्यंत होते. इथे मला थोडं खटकतं तेही लिहिते. स्मॉल्स आयुष्यभर एका पक्षाला चिकटून राहिले. लिंकनचा पक्ष म्हणून त्या पक्षाने कृष्णवर्णीयांची मतं घेतली आणि दक्षिणेत मार पडायला लागल्यावर हळूहळू हात काढून घेतला. स्मॉल्स यांना पद मिळत राहिलं, समाजाला संरक्षण मिळालं नाही. त्यांच्यासमोर दुसरा पर्याय होता का, दुसरा पक्ष तर लाल सदरे घालून फिरत होता. तरीही एकाच दारात सगळी मतं ठेवण्याची किंमत त्यांनी मोजली हे खरं.

१८९५. राज्याची १८६८ ची घटना मोडून नवी लिहायला सभा बोलावली गेली. सूत्रधार होता बेन टिलमन, जॉर्जचा भाऊ. हँबर्गच्या हल्ल्यात आपण होतो हे तो जाहीर सभांत अभिमानाने सांगायचा, आणि या घटनासभेचा हेतू कृष्णवर्णीयांचं मत काढून घेणं हा आहे हेही त्याने लपवलं नाही. दीडशेहून जास्त सदस्यांत कृष्णवर्णीय फक्त सहा. त्यातले पाच ब्यूफर्टचे, आणि त्यांत छप्पन्न वर्षांचे स्मॉल्स. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या घटनेत शाळा लिहिल्या, तिचीच उत्तरक्रिया बघायला ते बसले होते.

सहा जणांना हरणं ठाऊक होतं, तरी ते प्रत्येक कलमावर उभे राहिले. मतदारासाठी अट आली, घटनेतला उतारा वाचता आला पाहिजे किंवा ३०० डॉलरची मालमत्ता पाहिजे. सुरुवातीच्या काही वर्षांसाठी उतारा समजावून सांगितला तरी चालेल, पण समजला की नाही हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा अधिकारी. म्हणजे निरक्षर गोऱ्याला आत घ्यायला एक दार आणि शिकलेल्या काळ्यालाही बाहेर ठेवायला तेच दार. स्मॉल्स यांनी सभेला आकडे ऐकवले, युद्धानंतर त्या राज्यांत किती कृष्णवर्णीय मारले गेले आणि एकाही खुन्याला शिक्षा झाली नाही ते.

मग आंतरवर्णीय विवाहबंदीचं कलम आलं. स्मॉल्स यांनी दुरुस्ती मांडली, की जो गोरा पुरुष कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवेल त्याला सरकारी पद मिळू नये, आणि अशा संबंधातल्या मुलाला बापाचं नाव आणि मालमत्तेत वारसा मिळावा. सभागृहाची बोलती बंद झाली. तिथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरामागच्या खोपट्यांत त्यांच्याच रंगाशी जुळणारी मुलं वाढली होती. रक्तशुद्धीची भाषा करणाऱ्यांनी स्त्रियांच्या शरीरावर कसा हक्क गाजवला, हे इतक्या थोडक्यात फार कमी जणांनी उघडं पाडलं असेल. दुरुस्ती अर्थातच पडली.

घटना पूर्ण झाल्यावर सदस्यांनी सह्या करायच्या होत्या. स्मॉल्स यांनी नकार दिला. सही न करणाऱ्याला प्रवासखर्च मिळणार नाही असं सुनावण्यात आलं. या कागदावर सही करण्यापेक्षा आपण ब्यूफर्टपर्यंत पायी जाऊ, असं त्यांनी कळवलं. राजधानी कोलंबियापासून ब्यूफर्ट शंभर मैलांहून दूर आहे.

त्याच वर्षी त्यांची दुसरी पत्नी ॲनी वारली, हॅना १८८३ मध्येच गेली होती. लहान मुलगा तीन वर्षांचा होता. स्मॉल्स पुन्हा बंदरावरच्या कामावर रुजू झाले, जहाजांचा कर मोजत राहिले. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले, सरकारी कचेऱ्यांतून कृष्णवर्णीयांना बाजूला काढणं सुरू झालं आणि स्मॉल्स यांचंही पद गेलं. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. फेब्रुवारी १९१५ मध्ये, प्रिन्स स्ट्रीटवरच्या त्याच घरात, पंचाहत्तर वर्षांचे स्मॉल्स वारले. ब्यूफर्टच्या टॅबरनॅकल बाप्टिस्ट चर्चच्या आवारात त्यांना पुरलं.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं. तोवर तिला दक्षिणेच्या सैन्याने जिंकलेल्या एका लढाईचं नाव होतं. दक्षिण कॅरोलिनातून संसदेत बसलेला त्या काळातला शेवटचा कृष्णवर्णीय सदस्य जॉर्ज मरे १८९७ मध्ये बाहेर पडला. त्यानंतरचा जिम क्लायबर्न, तो आत गेला १९९३ च्या जानेवारीत.